भिवाने खणलेली भुई

रतनसिंगाचा वसराम, वसरामाचा गोपीचंद आणि गोपीचंदाचा देविदास. रतनसिंग बैलांच्या पाठीवर मीठ वाहत असे. वसरामाने तेच बैल नांगराला जुंपले. गोपीचंद म्हणजे माझे यजमान. त्यांनी धारेवरची जमीन कष्टाने आपल्या नावावर चढवली. देविदास आमचा थोरला मुलगा, आणि ही हकिगत त्याची आहे. ती मी सांगते, कारण ती पहिल्यापासून ठाऊक असलेले आमच्या तांड्यात आता माझ्याखेरीज कोणी उरलेले नाही.

हिंगोलीकडची सपाट काळी जमीन गोरेगावच्या पुढे संपते आणि रस्ता डोंगराला लागतो. त्या चढावर आमचे पळसघाट वसलेले आहे. माथ्यावर दगडी वेस आणि वेशीच्या आत जुने गाव. पूर्वेच्या उतारावर ओढ्याकाठी बौद्धवाडा. पश्चिमेच्या उतारावर आमचा तांडा. तांडा आणि गाव यांच्या मधोमध डोंगराची धार आहे, आणि धारेवर आमचे शेत. पावसाळ्यात तिथे ढग उतरतात. शेतात वाकलेल्या माणसाला तेव्हा स्वतःचे हात दिसतात, विळा दिसतो, आणि बाकी सगळे जग दुधात बुडल्यासारखे होते.

रतनसिंगाचा शेवटचा काफिला हा घाट चढत होता, ते साल उपासमारीचे होते. आघाडीला सावळ्या नावाचा बैल होता. आघाडीच्या बैलाच्या पाठीवर आम्ही कधी गोणी ठेवत नसू. त्याच्या शिंगांना पितळ, गळ्यात घंटा, कपाळावर कवड्या. तो चालेल ती वाट आणि तो बसेल तिथे मुक्काम. सावळ्या धारेवर बसला आणि पुन्हा उठला नाही.

असा बैल मेला तर त्याचे कातडे कोणी काढायचे नाही, त्याला माणसासारखी माती द्यायची, हा आमचा नेम. गावाच्या शिवेत मेलेल्या जनावरावर वेसकराचा हक्क, हा गावाचा नेम. वेस राखणारा वेसकर होता ओढ्याकाठच्या वाड्यातला भिवा. कातडे विकून त्याच्या घरात ज्वारी येणार होती, आणि मांसाच्या चान्या वाळवून लेकरे पावसाळ्यापर्यंत जगणार होती. भिवा सुरी घेऊन आला. रतनसिंग बैलाच्या मानेवर हात ठेवून बसलेला होता. भिवाने ते बराच वेळ पाहिले, मग सुरी कमरेला खोचली आणि तो पहार आणायला घरी गेला.

धार म्हणजे नुसता खडक. दिवे लागेपर्यंत दोघांनी तो फोडला आणि बैल मावेल एवढा खड्डा केला. रतनसिंगाने त्यात मिठाची गोणी रिकामी केली. नंतर तो भिवाला म्हणाला, "तुझं देणं माझ्या घराण्यावर राहिलं." भिवा काय बोलला ते कोणी सांगत नाही. त्या उन्हाळ्यात त्याचे धाकटे लेकरू गेले, एवढे मात्र सांगतात.

सावळ्या बसला तिथून तांडा हलला नाही. खड्ड्यावर शेंदूर माखलेला एक दगड उभा राहिला. आणि दर पोळ्याला तांड्याच्या नायकाच्या, म्हणजे आमच्या, घरातून पुरणपोळीचे ताट भिवाच्या उंबऱ्यावर जाऊ लागले.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी ते ताट माझ्या डोक्यावर आले. अंगात काचोळी, खाली घुंगरांचा घागरा, कोपरापर्यंत बलिया बांगड्या. धार ओलांडून, वेशीतून, पूर्वेच्या उतारावर जायचे. वेशीतून जाताना तांड्याच्या बायकांनी घागऱ्याचे घुंगरू मुठीत धरून चालायचे, त्यांचा आवाज वेशीच्या आत होऊ द्यायचा नाही, अशी रीत होती. एका हाताने ताट आणि दुसऱ्या हाताने घुंगरू सांभाळत मी गेले.

भिवाचा नातू जळबा तेव्हा तरणा होता. त्याची बायको चतुराबाई माझ्याच वयाची, माझ्यासारखीच नवी. वाड्यातल्या सगळ्यांनी थोड्या वर्षांपूर्वी बुद्धाचा धर्म घेतलेला होता. मेलेली जनावरे ओढणे त्यांनी सोडले होते, आणि भाकरीचा वाटा मागणेही. चतुराबाई उंबऱ्यात उभी राहिली.

"कशाचं ताट हाय?"

"पोळ्याचं. सासऱ्यांनी धाडलंय."

"वाटा आमी सोडला, बाई. आता घेणार न्हाई."

"हा वाटा न्हाई. हे देणं हाय."

"ताट उंबऱ्याबाहेर ठिवायचं, आमी उचलंस्तोवर लांब सरकून उभं राहायचं, असंच ना?" ती म्हणाली. "मंग त्याला वाटा म्हना न्हाई तर देणं म्हना. आमाला दिसायला एकच दिसतं."

मी ताट घेऊन परत आले. सासऱ्यांनी ते शांतपणे उतरवून घेतले. मला मात्र राग आला होता. पुरण बारीक वाटलेले होते आणि पोळ्यांवर तूप निथळत होते; ताटात खोट नव्हती, हे मी आजही सांगेन.

पुढच्या पोळ्याला मी पुन्हा गेले. तिने पुन्हा नाकारले. त्यानंतर तो रिवाजच पडला. मी न्यायचे आणि तिने परत धाडायचे. आम्ही एकाच देशमुखाच्या रानात निंदायला जात होतो, एकाच सावलीत भाकरी सोडत होतो, तरीही ताटाचे बोलणे पोळ्याच्या दिवसापुरतेच. एका वर्षी तिने वाकून ताटात पाहिले आणि म्हणाली, "औंदा पुरण पातळ दिसून राहिलं, रूपाबाई."

"खाऊन बघा, मंग बोला."

"बघूनच कळतं," ती म्हणाली आणि दार लोटले. आत जळबाचे हसणे ऐकू आले.

यजमान गेले, मी नायकीण झाले, सुना आल्या. ताट मी सुनेच्या डोक्यावर कधी दिले नाही.

मधल्या काळात गाव बदलत गेले. झोपेत कूस बदलावी तसे ते हळूहळू बदलले. देशमुखांची मुले हिंगोलीला गेली, वाण्यांनी नांदेडला दुकान काढले, पाटलांच्या घरात एक म्हातारा पुतण्या तेवढा उरला. वेशीच्या आतल्या दारांना कुलपे लागली आणि कुलपांवर गंज चढला. मग हिंगोली स्वतःच जिल्हा झाली, घाटातला रस्ता डांबरी होऊ लागला, आणि रस्त्याच्या मागोमाग माणसे आली. आदिलाबादकडून खडी फोडणारे तेलुगू वडार आले. त्यांच्यातला मल्लय्या बायको नीलाबाईला घेऊन धारेखाली झोपडी घालून राहिला, तो राहिलाच. राजस्थानातून गुलाबचंद आला. आधी फरसाणाचा गाडा, पुढे किराणा आणि सिमेंट-लोखंडाचे दुकान. उत्तरेकडचे सुतार आले. आमच्या तांड्यातली आणि बौद्धवाड्यातली शिकलेली मुले शाळेत, दवाखान्यात, पंचायतीत कामाला लागली. मंगळवारच्या बाजारात ढग उतरलेला असला म्हणजे माणूस दिसायच्या आधी त्याची बोली ऐकू येई. मराठी, आमची गोरमाटी, तेलुगू, मारवाडी, मोमीनपुऱ्यातल्या मुसलमानांची दखनी. मी टोपली पुढ्यात घेऊन बसे आणि डोळे मिटून घेई. मला वाटे, काफिलाच आला आहे, फक्त बैल दिसत नाहीत.

दुपारी डोळा लागला की मला घंटा ऐकू येत. मिठाच्या गोण्या वाहणारे बैल एकामागून एक धार चढत आणि धुक्यात शिरत. सगळ्यात मागून कोणीतरी चालत असे. त्याचे तोंड मला कधी दिसले नाही.

देविदासाच्या मनात एकच गोष्ट होती. वेशीच्या आतले देशमुखांचे घर विकायला निघालेले होते, ते घ्यायचे. तांड्यातल्या माणसाचे घर वेशीच्या आत आजवर झाले नव्हते. लहानपणी माझे बोट धरून तो वेशीतून जात असे, आणि माझ्या मुठीत धरलेले घुंगरू त्याच्या तोंडाशी येत. तेव्हा त्याने काही विचारले नाही. परंतु सौदा ठरत आला त्या दिवशी तो मला म्हणाला, "याडी, त्या घरच्या ओसरीवर तू घागरा घालून चालायचं. खळखळ वाजवत."

मलाही ते घर हवे होते. नको म्हणण्याचे सोंग मी केले नाही.

घरासाठी धारेवरच्या शेताचा रस्त्यालगतचा तुकडा विकायचा होता. गुलाबचंदाला तिथे गोदाम बांधायचे होते. सावळ्याचा दगड त्याच तुकड्यात येत होता. गुलाबचंद स्वतः तांड्यावर आला, चहा प्याला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "नाईकनजी, पत्थर को हम हात नहीं लगायेंगे. उलट फाटकाशी छोटी देवळी बांधू, रोज दिवा लावू. तुमचा देव तो आमचा देव."

"तो देव न्हाई," मी म्हणाले, "बैल आहे."

"बैल तो और भी अच्छा," गुलाबचंद म्हणाला. देविदास हसला, मीही हसले.

भाद्रपद लागला. सोयाबीन गुडघ्यापर्यंत आले होते आणि पाऊस थांबेना. देविदास आणि माझी सून संगिता दिवसभर धारेवर निंदत. पोत्याची खोळ डोक्यावर, पायांना चिखल्या, बोटांची कातडी पांढरी पडून सोललेली. संध्याकाळी संगिता चुलीसमोर पाय शेकत बसे आणि देविदास तिच्या टाचांना कोकम तेल लावता लावता घराच्या गोष्टी सांगे. ओसरी अशी, न्हाणी अशी, मागे परसात जागा. संगिता ऐकत असे. ती वेशीतल्या अंगणवाडीत सेविका होती. ते घर तिने रोज पाहिलेले होते.

कागदावर सही करण्यासाठी सेनगावला जायचे ठरले, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी जळबा गेला.

तो पावसाळ्याच्या सुरुवातीपासून खोकत होता. आयुष्यभर त्याने लोकांची घरे बांधली. गावातल्या अर्ध्या भिंती त्याच्या हातच्या. त्याचा मुलगा रविंद्र परभणीला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होता. तो आदल्या रात्रीच पोचला होता. पण जळबाला न्यायचे कुठे, हा प्रश्न पडला. बौद्धवाड्याची मसणवट ओढ्याच्या काठी होती. नव्या पुलाच्या भरावासाठी तिथली माती उचलून नेलेली होती, आणि उरल्या खड्ड्यात ओढ्याचे तांबडे पाणी फिरत होते. लाकूड तर पेटणारच नव्हते. माती द्यायची तरी कोरडी जागा पाहिजे. वेशीमागे जुन्या गावाची मसणवट होती, पत्र्याची शेड घातलेली. ती ज्यांची, ते हिंगोली-नांदेडला राहत. फाटकाला कुलूप होते. रविंद्र किल्ली मागायला गेला. पाटलाचा पुतण्या म्हणाला, "माझी ना न्हाई, पण मंडळाला इचारावं लागंल. हिंगोलीला फोन लावतो, तू बस जरा." रविंद्र त्यांच्या ओट्याखाली छत्री धरून उभा होता, हे मला नंतर कळले.

आम्ही घरात होतो. पावसाची झड अंगणात येत होती. चतुराबाई एकटीच आली. अंगावर पांढरे लुगडे, डोक्यावर युरियाची पिशवी. ती अंगणात उभी राहिली. मी उठले.

"आत या, चतुराबाई. भिजून राहिल्या."

"आत न्हाई येत. काम हाय." तिचा आवाज रडलेला होता, पण वाकलेला नव्हता. "रूपाबाई, तुमी देणं हाय, देणं हाय म्हणत होता न्हवं?"

"व्हय."

"आजून हाय का?"

"आहे."

"मंग मागायला आले. ह्यांना माती द्यायची. धारेवरची भुई पायजे. दान म्हणून न्हाई, मेहरबानी म्हणून बी न्हाई. आमचं देणं म्हणून पायजे. तसं जमत नसंल तर आत्ताच सांगा, मी पोराला पाटलाच्या पुतण्याच्या दारातून उठवते अन् वड्याच्या पाण्यात का हुईना आमचं आमी बघतो."

इतकी वर्षे मी तिच्या दारात ताट घेऊन उभी राहिले होते. आता ती माझ्या दारात उभी होती, आणि तिचे हात मोकळे होते. मला तिचा अभिमान वाटला. पण मी देविदासाकडे पाहिले, कारण जमीन त्याच्या नावावर होती.

देविदास भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "चतुरामाय, खालच्या अंगाला जागा देतो. बांधालगत."

"तिथं पाणी साचतं. तुमालाच ठावं हाय."

"उद्या कागद व्हायचा हाय." तो माझ्याकडे वळला. "याडी, रस्त्याच्या कडंला माती दिली तर गुलाबचंद घेईल का ती जागा? मग घर गेलं. पुन्हा असं घर निघतंय का? तुझ्यासाठी करून राहिलो हे सगळं."

"जमीन तुझी आहे," मी म्हणाले. "ताट माझ्या डोक्यावर होतं. मी तुला हुकूम करणार नाही."

मी आयुष्यभर हुकूम करीत आले होते. म्हणून त्याला ते शब्द अधिक जड गेले असावेत. त्याने मान खाली घातली. पाऊस अंगणात पडत राहिला आणि चतुराबाईच्या डोक्यावरच्या पिशवीवर त्याचा आवाज होत राहिला.

संगिता चुलीपाशी होती. तिथूनच ती म्हणाली, "येक इचारू का? घर कशासाठी घ्यायचं हाय?"

"तुला ठावं न्हाई का?"

"घुंगरासाठी. मला ठावं हाय. पण मी रोज वेशीतून जाते न्हवं? अंगणवाडीतली लेकरं माझ्या पुढं-मागं पळत येतात. कोण मला काय धरायला लावतं? धरायला लावणारं तिथं ऱ्हायलंय कोण? कुलपं अन् कबुतरं." तिने फुंकणी खाली ठेवली. "त्या घरात ऱ्हायचं अन् खिडकीतून धारंकडं बघायचं, अन् मनात म्हणायचं, आपण देणं बुडवून इथं आलो. मला न्हाई जमायचं ते."

देविदास उठला. त्याने आढ्याला अडकवलेली पहार काढली, कुदळ घेतली, खोळ डोक्यावर ओढली आणि चतुराबाईजवळ जाऊन म्हणाला, "चला, माय. जागा दावा, कुठं पायजे."

दगडापासून काही हातांवर, शेताच्या उंच कोपऱ्यात, चतुराबाईने जागा दाखवली. हातभर माती निघाली आणि पहार खडकावर आदळली. देविदासाच्या दंडापर्यंत झिणझिण्या गेल्या. रविंद्र किल्लीचा नाद सोडून आला होता. त्याने शर्ट काढला आणि कुदळ घेतली. शहरात राहून त्याचे तळवे मऊ झाले होते. थोड्याच वेळात कुदळीचा दांडा लाल झाला, तेव्हा त्याने हाताला रुमाल गुंडाळला आणि पुन्हा मारू लागला. जागा बदलली. तिथेही तसेच झाले. खालून मल्लय्या घण आणि छिन्न्या घेऊन वर आला, मागून नीलाबाई. मल्लय्याने छिन्नी रोवली, घण मारला, पुन्हा मारला, आणि कपाळावरचे पाणी पुसत म्हणाला, "अम्मा, ये काला पत्थर है. सुरुंग के बिना नै फूटता. सुरुंग का परमिट नै, बारिश में बत्ती नै जलती."

दिवस कलायला लागला होता. जळबाला घोंगडीत गुंडाळून बाजेवरून आणलेले होते आणि बाजेवर ताडपत्री धरून माणसे उभी होती. बौद्धवाड्यातली, तांड्यातली, मोमीनपुऱ्यातले दोघे, वडार, एक-दोन सुतार. ढग इतका खाली आला की पलीकडचे चेहरे पुसट झाले. देविदास खड्ड्यात उभा राहून नुसता धापा टाकत होता. त्याच्या पायाखाली गुडघाभर खोल खळगा होता, आणि त्यात पाणी भरत होते.

तेव्हा मी सांगितले, "तिथे थांबवा. सावळ्याच्या खड्ड्यात खणा. ह्या धारेवर भिवाने फोडली तेवढीच भुई मऊ आहे."

माझी जाऊ शालूबाई पुढे आली. "वहिनी, काई बी काय बोलता? तिथं आपला बैल निजलाय. दगड हालवायचा? तांडा बसला तो त्याच्यामुळं."

"बैलाला जागा कोणी दिली, शालू?"

"पण आपलं पूजेचं ठिकाण..."

"पूजा आपण करत आलो. खणलं त्यांनी." मी दगडापाशी गेले, घागरा आवरून खाली बसले आणि दोन्ही हात दगडाला लावले. ओल्या शेंदराने तळवे भरले. दगड माझ्याने हलेना. मग देविदास आला. त्याने माझे हात हळूच बाजूला केले, दगडाला छातीशी धरले आणि लहान लेकराला पाळण्यातून उचलावे तसा उचलून बाजूला नेऊन ठेवला. शालूबाईने तोंडाला पदर लावला. आडवे मात्र कोणी आले नाही.

पहार मारली आणि ती आवाज न करता आत गेली. माती भुसभुशीत होती, काळी, मधून पांढरट. देविदास आणि रविंद्र समोरासमोर उभे राहून खणू लागले. एकाने वर उपसावे, दुसऱ्याने खाली मारावे. त्यांचे श्वास एका लयीत आले. हाडे फारशी उरलेली नव्हती. एका शिंगाचे पितळ सापडले, हिरवे पडलेले. देविदासाने ते शर्टाला पुसले आणि माझ्याकडे पाहिले.

"त्याचं त्याच्याजवळ राहू दे," मी म्हणाले.

चतुराबाई कडेला येऊन आत पाहत होती. मी तिला विचारले, "बैलाच्या जागी माणूस निजवता, मन खाईल का?"

"ह्या बैलानं वझं किती वाहिलं म्हणायचं?"

"आघाडीचा होता. त्याच्या पाठीवर कधी गोणी ठेवली न्हाई."

तिने वळून बाजेकडे पाहिले. मग म्हणाली, "मंग बरं हाय. ह्यांनी लई वाहिलं. ज्यानं वाहिलंच न्हाई, त्याच्याजवळ जरा निजू द्या."

माती देताना घालायच्या मिठाची आठवण कोणालाच राहिली नव्हती. रविंद्र खालच्या दुकानाकडे धावणार, एवढ्यात ढगातून गुलाबचंद निघाला. छत्री एका हातात, खांद्यावर मिठाचे पोते, धोतर चिखलाने भरलेले. त्याने पोते उतरवले. देविदास त्याच्यासमोर ओशाळून उभा राहिला. "सेठ, उद्याचं..."

"उद्या का उद्या देखेंगे, भाऊ," गुलाबचंद म्हणाला. "कबर के बाजू में माझा गोदाम होणार नाही, ते तुलाही माहीत, मलाही माहीत." रविंद्रने खिशात हात घातला, तेव्हा तो म्हणाला, "रहने दो. आज दुकान बंद आहे."

जळबाला खाली उतरवले. रविंद्रने आणि वाड्यातल्या लोकांनी त्रिसरण म्हटले. बाकीचे हात जोडून उभे राहिले. कोणाला शब्द येत होते, कोणाला येत नव्हते. भिवाने खणलेल्या मातीत भिवाचा नातू गेला, आणि देविदासाने पहिल्यापासून शेवटपर्यंत माती ओढली. फावडे त्याने दुसऱ्या कोणाला दिले नाही. सगळे झाल्यावर त्याने दगड उचलला आणि कुठे ठेवू, असे डोळ्यांनीच चतुराबाईला विचारले.

"उशाशी ठिव," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "रूपाबाई, फिटलं. तुमच्याकडं आता आमचं काई न्हाई."

मी मान हलवली. इतक्या पिढ्यांचे ओझे उतरले, मला हलके वाटायला हवे होते. पण उतार उतरताना डोक्यावर काहीच नाही याचीच मला सवय नव्हती.

देशमुखांचे घर दुसऱ्या कोणी घेतले नाही. त्याचे छप्पर पुढच्या पावसात बसले. गुलाबचंदाने घाटाच्या पायथ्याशी, तांड्याला लागून जागा घेतली. त्याच्या शेजारी जीपगाड्या उभ्या राहू लागल्या, मग चहाची टपरी, मग सुतारांची करवत. वर्षभरात मंगळवारचा बाजार वेशीतून निघून आमच्या अंगणापर्यंत उतरला. देविदास आणि संगिता धारेवर निंदत राहिले. रस्त्यालगतच्या त्या तुकड्यात आणखी दोघांना माती दिली गेली: ओढ्याकाठची एक म्हातारी आणि नीलाबाईचे जन्मताच गेलेले लेकरू. देविदासाने कोणाला नाही म्हटले नाही.

पोळा आला. बैल धुतले, शिंगे रंगवली. मी पुरण घातले, पोळ्या लाटल्या. ताट मात्र वाढले नाही. देणे फिटलेले होते. ताट न्यायचे कशाला? दुपारी ओसरीवर टेकले आणि डोळा लागला. धुके होते. गोण्या घेतलेले बैल धार चढत होते, आणि मागून येणारे माणूस या वेळी चढून न जाता खाली, माझ्याकडे, उतरत आले.

डोळे उघडले, तर चतुराबाई अंगणात उभी होती.

"ताट काहून आणलं न्हाई, औंदा?"

"देणं फिटलं म्हणून."

"म्हणूनच तर आले." तिने चप्पल काढली, पायरी चढली, आणि माझ्या गोधडीवर माझ्या शेजारी येऊन बसली. "आता वाढा. आता खाते."

संगिता उठू लागली. मी तिला बसवले आणि स्वतः वाढले. चतुराबाईने पोळीचा तुकडा मोडला, दुधात बुडवला आणि सावकाश चावला. अंगणातून बैल जात होते, त्यांच्या घंटा वाजत होत्या. तिने दुसरी पोळी घेतली, तीही संपवली, आणि ताट बोटाने पुसून घेतले.

"तूप लई हाय," ती म्हणाली.

"पहिल्या सालापासून तेवढंच आहे," मी म्हणाले.